‘सौम्य’ आम्लाचा धोका : हायड्रोफ्लोरिक आम्ल व त्याविषयीची मराठी सूचना

१. प्रश्नाचे निमित्त

काही काळापूर्वी भूशास्त्राच्या एका प्रयोगशाळेतून माझ्याकडे एक लहानसे काम आले. खडकाची पूड विरघळविण्यासाठी त्या प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक आम्लाचा उपयोग करीत. त्यासंबंधी एक इंग्रजी सूचना भिंतीवर लावलेली होती. ती तेथील परिचरांसाठी मराठीत करून द्यावयाची होती. काम अर्ध्या तासाचे दिसले. मूळ सूचनेच्या आरंभी, रसायनशास्त्राच्या वर्गीकरणात हे आम्ल दुर्बल गटात मोडते, असे एक परिचयाचे वाक्य होते. आपल्या शालेय पुस्तकांत ‘तीव्र आम्ल’ व ‘सौम्य आम्ल’ ही जोडी रूढ आहे. तिला अनुसरून मी ‘हे एक सौम्य आम्ल आहे’ असे लिहिले व पुढील वाक्याकडे वळलो.

मसुदा वाचून तेथील एका वयस्क परिचरांनी विचारले, “सर, सौम्य आहे, तर मग एवढे जाड हातमोजे कशाला?”

प्रश्न रास्त होता. भाषांतर पारिभाषिक दृष्ट्या बिनचूक होते, आणि तरीही त्यापायी एखाद्याचा हात, कदाचित जीवही, गेला असता. परिभाषा बिनचूक असूनही सूचना घातक ठरू शकते, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. प्रस्तुत लेखात या आम्लाचे गुणधर्म, त्यापासून होणाऱ्या इजेचे स्वरूप व हाताळणीचे नियम सांगावयाचे आहेत. आणि हे सर्व मराठीत सांगताना शब्द कोठे दगा देतात, तेही पाहावयाचे आहे.

२. ‘सौम्य’ या शब्दाचे दोन अर्थ

प्रथम रसायनशास्त्रातील अर्थ पाहू. आम्ल पाण्यात मिसळले असता त्याचे रेणू विलग होऊन हायड्रोजनचे आयन मोकळे होतात. ज्या आम्लाचे जवळजवळ सर्व रेणू असे विलग होतात ते तीव्र, व ज्याचे थोडेच होतात ते सौम्य. हायड्रोक्लोरिक आम्ल पहिल्या प्रकारचे आहे. हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या विरल द्रावणात, लिटरमागे एक दशांश मोल एवढे प्रमाण धरल्यास, शंभर रेणूंपैकी सुमारे आठच विलग झालेले आढळतात. फ्लोरीनचा अणू हायड्रोजनला सहजासहजी सोडीत नाही, हे त्याचे एक मुख्य कारण होय. या अर्थाने ते निश्चितपणे सौम्य आहे.

येथे ‘तीव्र–सौम्य’ आणि ‘संहत–विरल’ या दोन जोड्यांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पहिली जोडी रेणूच्या स्वभावाविषयी बोलते, दुसरी पाण्याच्या प्रमाणाविषयी. सौम्य आम्ल संहत असू शकते, तसे तीव्र आम्ल विरल असू शकते. विज्ञानाचा विद्यार्थी हा भेद परीक्षेपुरता तरी सांभाळतो. बोलीत मात्र पाणी घालून पातळ केलेल्या कोणत्याही वस्तूस आपण ‘सौम्य केली’ असेच म्हणतो.

आता व्यवहारातील अर्थ. सौम्य हा शब्द सोमावरून, म्हणजे चंद्रावरून आलेला. शीतल, शांत, बाधा न करणारा, असा त्याचा भाव. सौम्य प्रकृतीचा मनुष्य, लहान मुलांसाठी सौम्य साबण, सौम्य औषध, या सर्व प्रयोगांत ‘भिण्याचे कारण नाही’ हे आश्वासन अनुस्यूत आहे. विज्ञानाने हा शब्द उचलला तो केवळ विलगतेचे मान सांगण्यासाठी. परंतु व्यवहारातून उचललेल्या शब्दाबरोबर त्याचे आश्वासनही येते, आणि ते व्याख्येने पुसले जात नाही.

या आम्लाच्या बाबतीत तर ही विसंगती पराकोटीला पोहोचते. विलग झालेले, विद्युतभार असलेले आयन त्वचेच्या स्निग्ध थरातून सहज जाऊ शकत नाहीत. विलग न झालेला हायड्रोजन फ्लोराइडचा रेणू लहान व भाररहित असतो. तो त्या थरातून आत शिरतो व खोलवर, प्रसंगी हाडापर्यंत पोहोचतो. म्हणजे ज्या गुणामुळे या आम्लास सौम्य म्हणावयाचे, तोच गुण त्यास शरीरात शिरण्याची वाट करून देतो. आम्ल ‘सौम्य असूनही’ घातक आहे, असे म्हणणे अपुरे आहे. काही अंशी ते सौम्य आहे म्हणूनच घातक आहे.

३. इजेचे स्वरूप

आम्लाने होणाऱ्या इजेचे जे चित्र आपल्या मनात असते ते गंधकाम्लासारख्या द्रव्यावरून तयार झालेले आहे : थेंब पडतो, भाजते, कातडी काळवंडते, मनुष्य ओरडतो आणि पाण्याकडे धावतो. ‘दाहक’ या विशेषणात हेच चित्र साठविलेले आहे. हायड्रोफ्लोरिक आम्लाचे पन्नास टक्क्यांहून संहत द्रावण अंगावर पडले, तर असे ताबडतोब घडते. परंतु वीस ते पन्नास टक्क्यांच्या द्रावणाने वेदना सुरू होण्यास एक ते आठ तास लागू शकतात, आणि वीस टक्क्यांहून विरल द्रावणाच्या बाबतीत हा काळ चोवीस तासांपर्यंत लांबू शकतो. सकाळी बोटाला लागलेला थेंब पुसून मनुष्य काम चालू ठेवतो. रात्री असह्य ठणका लागतो. आणि तोवर आत पुष्कळ हानी होऊन गेलेली असते.

आत काय घडते? रेणू पेशींत शिरल्यावर विलग होतो व फ्लोराइडचा आयन मोकळा होतो. त्याची कॅल्शियमशी विलक्षण ओढ आहे. तो ऊतींतील व रक्तातील कॅल्शियम बांधून न विरघळणारे कॅल्शियम फ्लोराइड बनवितो. मॅग्नेशियमलाही तो बांधतो. कॅल्शियमच्या अभावी पेशी मरतात व मज्जातंतू पेटल्यासारखे ठणकू लागतात. रक्तातील कॅल्शियम उतरले आणि पोटॅशियम चढले म्हणजे हृदयाचा ठेका बिघडतो, प्रसंगी ते बंद पडते. संहत आम्लाने शरीरपृष्ठाचा अवघा अडीच टक्के भाग, म्हणजे सुमारे अडीच तळव्यांएवढी जागा, भाजली असता मृत्यू आल्याचे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. अशा वेळी भाजणे हे मृत्यूचे कारण नसते. कारण असते ते विषबाधा.

निर्जल हायड्रोजन फ्लोराइडची गोष्ट आणखी निराळी. तो १९.५ अंश सेल्सिअसला उकळतो. पुण्यातील हिवाळ्याच्या पहाटे जे द्रव असेल ते दुपारपर्यंत वायू झालेले असेल. मुंबईत तर ते बहुधा वायूच राहील. हा वायू श्वासाबरोबर गेल्यास फुप्फुसांत पाणी साचते, आणि हे लक्षणही काही वेळा काही तासांनी प्रकट होते. दक्षिण कोरियातील गुमी येथे २७ सप्टेंबर २०१२ रोजी एका कारखान्यात टाकीतून हे द्रव्य उतरवून घेताना गळती झाली. तीत पाच जण मृत्युमुखी पडले आणि परिसरातील हजारो लोकांना तपासणी व उपचार घ्यावे लागले.

यावरून ‘दाहक’ व ‘विषारी’ या दोन्ही शब्दांची मर्यादा स्पष्ट होते. दाह होत नाही तोवर दाहक वस्तू लागली असे मनुष्यास वाटत नाही. ‘विष’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोटात जाणारी वस्तू येते. म्हणून ते हाताला लागले तर काय होणार, असेही त्यास वाटते. मराठी मनात या इजेच्या सर्वांत जवळची प्रतिमा शोधू गेल्यास ती भाजण्याची सापडणार नाही, सर्पदंशाची सापडेल. खूण लहान, आरंभी दुखणे थोडे, आणि खरे संकट अंगात भिनत जाणारे. उपचार अर्थातच सर्वस्वी वेगळे आहेत, हे विसरता कामा नये.

४. नावाची कथा

या द्रव्याच्या नावातही धोक्याचा मागमूस नाही. सोळाव्या शतकात आग्रिकोला याने खाणी व धातू यांविषयी लिहिताना, धातुक वितळविताना ते प्रवाही व्हावे म्हणून भट्टीत टाकावयाच्या खनिजाचा उल्लेख केला. ‘वाहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून त्या खनिजास नाव मिळाले व त्यावरूनच फ्लोरस्पार, फ्लोरीन ही नावे आली. १७७१ मध्ये शेले याने या खनिजापासून निघणाऱ्या आम्लाचा अभ्यास केला. जर्मन भाषेत आजही त्यास ‘वाहते आम्ल’ अशा अर्थाचे नाव आहे. मूलद्रव्यासाठी फ्लोरीन हे नाव अँपिअर याने १८१२ मध्ये डेव्हीला सुचविले. पुढे त्यालाच ते पसंत पडेना व ग्रीक भाषेतील ‘नाश’ या अर्थाच्या शब्दावरून त्याने निराळे नाव पुढे केले. युरोपच्या बहुतेक भाषांनी ते स्वीकारले नाही. रशियनमध्ये मात्र या मूलद्रव्यास अजूनही ‘फ्तोर’ म्हणतात.

हे नाव अनाठायी नव्हते. फ्लोरीन वेगळा करण्याच्या प्रयत्नांत स्वतः डेव्हीस इजा झाली, आयर्लंडमधील नॉक्स बंधूंना तीव्र विषबाधा झाली, आणि ब्रसेल्सचा लूये व नान्सीचा निक्लेस हे संशोधक प्राणास मुकले. अखेर १८८६ मध्ये म्वासाँ याने ते साधले; १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले. ज्यांनी या द्रव्याचा स्वभाव प्रथम जाणला त्यांनी तो आपल्या शरीरावर जाणला. नावाने मात्र भट्टीतील जुनी आठवण तेवढी जपली.

नावाचा दुसरा दोष ध्वनीचा आहे. ‘हायड्रोक्लोरिक’ आणि ‘हायड्रोफ्लोरिक’ या दोन शब्दांत केवळ एका व्यंजनाचा फरक आहे : एकात क्, दुसऱ्यात फ्. वर्गात लघुतम भेदयुग्माचे उदाहरण म्हणून ही जोडी उत्तम. कारखान्यात ती संकटाचे मूळ. मिलर व नाइसली यांनी १९५५ मध्ये इंग्रजी व्यंजनांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, गोंगाटात घोष–अघोष हा भेद पुष्कळ टिकतो, परंतु उच्चारस्थानाचा भेद लवकर लोपतो. क् आणि फ् हे दोन्ही अघोष आहेत. त्यांना वेगळे ठेवणारा मुख्य भेद उच्चारस्थानाचाच. यंत्रांच्या आवाजात, किंवा घाबऱ्याघुबऱ्या दूरध्वनीवर, एकाचे दुसरे ऐकू येणे अगदी संभवनीय आहे. त्यातून पहिले नाव सर्वांच्या परिचयाचे. म्हणून ऐकणारा संदिग्ध ध्वनी परिचित शब्दाकडेच ओढून घेतो. आणि हायड्रोक्लोरिक समजून केवळ पाण्याने धुऊन रोग्यास घरी पाठविले, तर फ्लोराइडचे काम आत चालूच राहते. डॉक्टरांना ‘फ्लोराइड’ हा शब्द वेगळा सांगावा, शक्य तर बाटलीवरील नाव लिहून द्यावे, या नियमामागे असे ध्वनिशास्त्रीय कारण आहे.

५. हाताळणी व प्रथमोपचार

हे आम्ल केवळ मोठ्या कारखान्यांपुरते मर्यादित नाही. शीतकद्रव्ये, फ्लोरीनयुक्त प्लास्टिके, अर्धसंवाहकांची निर्मिती, काचेवरील नक्षी, यांबरोबरच पोलादकामाच्या लहानसहान शेडमध्येही ते पोहोचलेले असते. स्टेनलेस पोलादाच्या वेल्डिंगवरील काळपट थर काढण्यासाठी जी पिकलिंग पेस्ट ब्रशाने लावतात, तीत बहुधा नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लांचे मिश्रण असते. ‘पेस्ट’ या घरगुती शब्दानेही वापरणारा बेसावध होतो.

साठवणीविषयी पहिला नियम असा की, हे आम्ल काचेत ठेवू नये. ते काच खाते. त्यासाठी पॉलिएथिलीनची किंवा टेफ्लॉनच्या जातीची भांडी वापरावी. अनेक धातूंशी त्याची क्रिया होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो, हेही ध्यानात ठेवावे. सांडलेल्या आम्लावर नेहमीच्या सवयीने वाळू टाकू नये. वाळूतील सिलिकाशी क्रिया होऊन सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हा विषारी वायू निघतो. त्याऐवजी चुन्याची निवळी न वापरता विरवलेल्या चुन्याची कोरडी पूड किंवा चुनखडीची पूड बेताने पसरावी. संहत आम्ल असल्यास हे काम प्रशिक्षित माणसांवरच सोपवावे.

काम धूरशोषक कपाटातच करावे, आणि एकट्याने कधीही करू नये. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ते पातळ हातमोजे येथे पुरेसे नाहीत. निओप्रीनचे किंवा ब्यूटिल रबराचे जाड, लांब हातमोजे घालावेत आणि प्रत्येक वेळी त्यांस छिद्र नाही ना, ते पाहावे. मोज्यात शिरलेला थेंब उघड्या हातावरील थेंबाहून वाईट. गॉगल, चेहऱ्यावरील ढाल, आम्लरोधक अंगरखा व बंद पादत्राणे अवश्य असावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे अडीच टक्क्यांचे जेल कामाच्या जागी आहे व त्याची मुदत संपलेली नाही, हे पाहिल्यावाचून बाटली उघडू नये.

आम्ल अंगावर पडल्यास माखलेले कपडे तत्काळ काढावेत व ती जागा वाहत्या पाण्याखाली धरावी. जेल जवळ असेल तर सुमारे पाच मिनिटे धुऊन, मदत करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालून, ते त्या जागी चोळावे व रुग्णालयात पोहोचेपर्यंत पुनःपुन्हा लावीत राहावे. जेल नसेल तर वैद्यकीय मदत मिळेपर्यंत धुणे थांबवू नये. डोळ्यांत गेल्यास केवळ पाण्याने धुवावे. जेल डोळ्यांत घालू नये. पोटात गेल्यास उलटी करवू नये. दुखत असो वा नसो, रुग्णालयात गेलेच पाहिजे. जेलमधील कॅल्शियम फ्लोराइडला बांधून टाकते, म्हणजे शरीरातील कॅल्शियमऐवजी बाहेरचे कॅल्शियम त्याच्या वाट्यास येते, हे या उपचाराचे तत्त्व. वेदना शमणे ही उपचार लागू पडल्याची खूण असते. म्हणून ती जागा बधिर करण्याचे डॉक्टर शक्यतो टाळतात. या इजेत वेदना आरंभी गप्प राहते व पुढे मात्र तीच विश्वासू साक्षीदार ठरते.

६. शब्द आणि अपघात

शब्दामुळे अपघात घडतो, हा विचार भाषाशास्त्रास नवा नाही. बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) हा शिक्षणाने रासायनिक अभियंता. १९१९ पासून तो अग्निविम्याच्या एका कंपनीत आग-प्रतिबंधाचे काम पाहत असे. सवयीचे विचार व भाषा यांच्या संबंधावरील त्याचा प्रसिद्ध निबंध १९४१ मध्ये, सपीर यांच्या स्मृतिग्रंथात, प्रकाशित झाला. त्याची सुरुवात अशाच उदाहरणांनी होते. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात. ‘रिकाम्या’ पिंपांजवळ धूम्रपान करतात. वस्तुतः रिकाम्या पिंपांतच स्फोटक वाफ असते. दुसऱ्या एका ठिकाणी चुनखडकापासून केलेल्या आच्छादनास ‘दगड’ या अर्थाचे नाव होते. दगड जळत नाही, म्हणून त्यास आगीपासून कोणी जपले नाही. आम्लाच्या वाफेने त्याचे कॅल्शियम ॲसिटेट झाले होते. तापल्यावर त्यातून ज्वालाग्राही ॲसिटोन निघाले व ते पेटले.

व्होर्फच्या व्यापक सिद्धांताविषयी मतभेद आहेत व राहतील. परंतु ही उदाहरणे त्या वादावर अवलंबून नाहीत. आपल्या ‘सौम्य’ची गोष्ट याच जातीची आहे, एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. ‘रिकामे’ हा व्यवहारातला ढिला शब्द होता. ‘सौम्य’ हा शास्त्राने नेमून दिलेला काटेकोर शब्द आहे. त्याने फसविले ते अज्ञानामुळे नव्हे. पाठ्यपुस्तकाच्या पानावरून उठून तो भिंतीवरील सूचनेत गेला, यामुळे. म्हणून ‘सौम्य’ऐवजी ‘दुर्बल’ योजावा, असे म्हणून प्रश्न सुटत नाही. दुर्बलालाही कोणी भीत नाही. तो वर्गवाचक शब्द सूचनेत मुळी यावयासच नको होता. द्रव्य कोणत्या वर्गात मोडते हे पाठ्यपुस्तकाने सांगावे. ते माणसाच्या देहाचे काय करते व त्या क्षणी माणसाने काय करावे, हे सूचनेने सांगावे.

कामगारास समजेल अशा भाषेत सूचना असावी, हे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने, कारखान्यातील सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचा दंडक घातला होता. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरण-पद्धतीने चित्रांचीही जोड दिली. या आम्लाच्या पात्रावर कवटीचे चिन्ह व हात झिजविणाऱ्या द्रवाचे चिन्ह, अशी दोन्ही येतात. मात्र ‘आता दुखणार नाही, नंतर दुखेल’ हे कोणतेही चित्र सांगू शकत नाही. काळाचा हा संबंध वाक्यच सांगू शकते. तेवढ्यासाठी तरी चांगल्या मराठी वाक्याची येथे गरज आहे.

७. सुधारलेला मसुदा

हे सर्व ध्यानात घेऊन दुसरा मसुदा पुढीलप्रमाणे केला :

‘हायड्रोफ्लोरिक आम्ल (एचएफ). हे त्वचेतून शरीरात शिरणारे विष आहे. लागताच दुखेल असे नाही. दुखण्याची वाट पाहू नका. एकटे काम करू नका. थेंब लागला तरी हाक मारा. कपडे काढा. पाण्याखाली धरा. जेल चोळा. दुखत नसले तरी रुग्णालयात जा. डॉक्टरांना “फ्लोराइड” हा शब्द सांगा.’

यात रसायनशास्त्राची व्याख्या नाही. वाक्ये लहान व आज्ञार्थी आहेत, कारण ती वाचणाऱ्याला वाक्याचा शेवट शोधण्यास वेळ नसेल. क्रियापदांचा क्रम हाच कृतीचा क्रम आहे. ‘थेंब लागला तरी’ आणि ‘दुखत नसले तरी’ या दोन ‘तरीं’वर सर्व भार आहे, त्या गाळल्या तर सूचना इतर कोणत्याही आम्लाची होईल.

हा मसुदा मी त्याच परिचरांना वाचावयास दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, “जेल कुठे ठेवलंय, सर?” ती जागा सूचनेत लिहिलेली नव्हती. ती आता लिहिली आहे.